आधी भाव, मग बाग

साईट हळू चालते ही तक्रार मालकाकडून क्वचितच येते. ती येते त्याच्या मुंबईच्या मेहुण्याकडून, नाहीतर वाट बघून कंटाळलेल्या आणि शेवटी थेट फोन लावलेल्या गिऱ्हाइकाकडून. मालक आपला फोन पुढे करून म्हणतो, ‘‘माझ्याकडे तर लगेच उघडता!’’ खोटं नसतं ते. रोज उघडून उघडून त्याच्या फोनने सगळे फोटो नि फॉन्ट जवळ साठवलेले असतात, वर घरात वायफाय. म्हणून मी त्याचा फोन बाजूला ठेवायला लावतो. एखादा जुना, स्वस्तातला अँड्रॉइड घ्यायचा, वायफाय बंद करायचं, इन्कॉग्निटोमध्ये पान उघडायचं आणि ते दिसेपर्यंत दोघांनी काही बोलायचं नाही. एवढ्याने निम्मी समजूत पटते.

देवगडकडच्या एका हापूस बागायतदारांचं उदाहरण सांगतो, कारण त्यांच्या पानावर या धंद्यातले बहुतेक रोग एकत्र नांदत होते. वर पाच फोटोंचा सरकता स्लायडर. त्याखाली भौगोलिक मानांकनाचं प्रमाणपत्र. मग बागेचा यूट्यूब व्हिडिओ, गुगलचा नकाशा, कोपऱ्यात उड्या मारणारा चॅटचा गोळा. आणि सगळ्यात तळाशी भाव. मार्चअखेर ते मे एवढाच ज्यांचा सीझन, त्यांच्याकडे व्हॉट्सअॅपवरून लिंक दाबून येणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात: डझनाला काय पडेल आणि पेटी कधी मिळेल. त्याला त्या बाग फिरून झाल्यावर मिळत होत्या.

बरं, तो भाव म्हणजे मजकूरही नव्हता. फ्लेक्सवाल्याने कोरलड्रॉमध्ये करून दिलेल्या भावपत्रकाची जेपेग होती ती. आपल्याकडे हे सर्रास चालतं. छापखान्यातले जुने मराठी फॉन्ट युनिकोड नसल्याने तिथला मजकूर उचलून वेबवर टाकला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मग सरळ चित्रच चढवायचं. चार ओळींच्या भावासाठी आख्खी फोटोची फाईल उतरवायची, आणि तीही रांगेत शेवटी.

मी ते भावपत्रक साध्या मजकुरात टाइप करून पानाच्या माथ्यावर ठेवलं, त्याखाली व्हॉट्सअॅपचं बटण. यामागे थोडं गणित आहे. नवीन कनेक्शनवर सर्व्हर पहिल्या खेपेला साधारण दहा पाकिटं पाठवतो, म्हणजे जवळपास १४ केबी, आणि पोच आल्यावर पुढच्या खेपेचा आकार वाढवतो. पेटी उघडल्यावर वरच्या थरावरून गिऱ्हाईक माल जोखतं, तसं या पहिल्या १४ केबीचं आहे. दाबून पाठवलेला साधा मजकूर एवढ्यात आरामात बसतो. त्यात त्यांचं होस्टिंग अमेरिकेत होतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोनेक लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा तेरा हजारांच्या आसपास. म्हणजे एका जाण्यायेण्यातच सेकंदाचा आठवा हिस्सा गेला, प्रत्यक्षात जास्तच, आणि पहिलं अक्षर दिसायच्या आत अशा तीन-चार फेऱ्या होतात. साईट मुंबईतल्या सर्व्हरवर हलवली. हे काम कुणालाही जमतं.

फोटोंवर मात्र वेळ जातो, आणि जावा. फोनच्या कॅमेऱ्यातून थेट चढवलेला बारा मेगापिक्सेलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद. फोनच्या पडद्याला त्यातले हजारेक पुरतात. फाईल तीन-चार एमबीची असते हे सगळ्यांना दिसतं. पण दाखवण्यासाठी ती उलगडली की दर पिक्सेलला चार बाइट, म्हणजे मेमरीत ४८ एमबी होते हे दिसत नाही. स्लायडरमध्ये असे पाच. स्वस्त फोन गरम होतो तो यामुळेही.

रुंदी १०८० वर आणून वेबपीमध्ये दाबल्यावर एकेक फोटो शे-दीडशे केबीवर येतो. सगळ्यांना एकच दाब लावणारं प्लगइन मिळतं, मी ते वापरत नाही. झाडाच्या पानांच्या गर्दीत बिघाड लपून जातो. हापूसच्या सालीवर हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा केशरी होत जातो, तिथे जरा जास्त दाबलं की पट्टे उमटतात आणि आंबा डागी दिसतो. हा फोटो मी थोडा जड ठेवतो, बाग पिळून काढतो. फोटोवर लाल रंगात लिहिलेली अक्षरंही फिसकटतात. ती काढून खाली मजकुरात घेतली.

फॉन्टचं दुखणं खास आपलं आहे. देवनागरीत जोडाक्षरांमुळे आकार शेकड्यांनी लागतात, म्हणून फाईल रोमन फॉन्टच्या कितीतरी पट जड. थीमवाल्याने बारीक, मध्यम, ठळक, अतिठळक असे सगळे प्रकार मागवलेले असतात आणि फॉन्ट येईपर्यंत ब्राउझर तीन सेकंदांपर्यंत अक्षरंच दाखवत नाही. मजकूर हजर, पण अदृश्य! आधी फोनमधला फॉन्ट दाखव, मग बदल, असं सांगता येतं. पण दोन फॉन्टांच्या ओळींची उंची वेगळी असली तर पान खाली घसरतं आणि एक डझनावर टेकवलेलं बोट पाच डझनावर पडतं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये नोटो सान्स देवनागरी असतो. भाव त्यातच ठेवला. मथळ्याला मुक्ताचा एक ठळक प्रकार, बस्स.

व्हिडिओ आणि नकाशा यांच्या जागी साधी चित्रं लावली; बोट लावलं तरच खरा माल उतरतो. चॅटचा गोळा काढला, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. भांडण झालं ते प्रमाणपत्रावरून. ए-फोर कागद ३०० डीपीआयला स्कॅन केलेला, २४८० बाय ३५०८ पिक्सेलची पीएनजी. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं आणि कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकणाऱ्यांविरुद्ध तो कागद हेच त्यांचं हत्यार. ‘‘ता काढूचा नाय,’’ एवढंच ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. भावाखाली छोटं चित्र ठेवलं. दाबलं की मोठं उघडतं.

गुगलच्या चाचणीत आकडा हिरवा झाल्यावर बागायतदारांच्या पुतण्याने त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवला. मला त्या आकड्याचं फार कौतुक नाही. ती मोजणी इतर गोष्टींबरोबर पडद्यावरचा सगळ्यात मोठा तुकडा अडीच सेकंदांच्या आत आला का ते बघते. तो तुकडा भाव आहे की बाग, तिला कळत नाही. मी लिंक दाबल्यापासून भाव वाचता येईपर्यंतचा वेळ धरतो.

भाव मजकुरात आल्यापासून काका तो फोनवरूनच बदलतात, सीझनमध्ये दिवसाआड. तेव्हा फोटोंना ब्राउझरमध्ये वर्षभर राहायची मुभा दिली. भावाच्या पानाने मात्र दर वेळी सर्व्हरला विचारूनच उघडायचं. त्यात थोडा वेळ जातो, तो जाऊ दिला, कारण कालच्या भावाचा स्क्रीनशॉट घेऊन भांडायला येणारं गिऱ्हाईक त्यांना परवडत नाही. फोटो बदलला तर फाईलचं नावही बदलायचं, नाहीतर वर्षभर जुनाच दिसेल, हे पुतण्याला कागदावर लिहून दिलं आहे.