बेटाभोवतीच्या सफरीची तयारी

भूमध्य समुद्राच्या मध्यभागी माल्टा नावाचे एक बेट आहे. गोझो आणि कोमिनो ही त्याची धाकटी भावंडे. उन्हाळा आला म्हणजे युरोपातील अनेक कुटुंबे तेथे जातात, आठवड्याच्या बोलीने शिडाची नौका भाड्याने घेतात आणि बेटाला वळसा घालीत रोज नव्या खाडीत नांगर टाकतात. या सफरीची तयारी काही महिने आधीपासून चालते. भाडे माणशी नसून सबंध नौकेचे असते. इंधन, शिधा आणि बंदरातील मुक्काम यांचा खर्च बहुधा निराळा. शिवाय अनामत ठेवावी लागते. ज्यास स्वतः नौका हाकावयाची असेल त्याने परवाना दाखवावा, नसेल त्याने जाणता नावाडी घ्यावा, असा तेथील रिवाज आहे. आणि नावाडी घेतला म्हणजे नौका आज बंदर सोडील की नाही, हे भाडे भरणारा ठरवीत नाही, नावाडी ठरवितो.

हे वाचून निपाणीकडचा ऊस-तंबाखूवाला शेतकरी हसेल. एवढा पैसा आणि एवढी सवड आपल्यापाशी कोठली, असे तो म्हणेल, आणि ते खरेही आहे. परंतु बेट पाहण्यासाठी एवढे दूर जाण्याचे कारण नाही. आपला सीमाभाग घाटमाथ्याच्या कुशीत वसला आहे, आणि घाट उतरला की समुद्र. एकोणिसाव्या शतकात बेळगावच्या छावणीचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून गाड्यांनी वर येत असे. आजही बेळगावहून शिनोळी, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ या वाटेने, किंवा निपाणीहून मुधाळ तिट्टा, राधानगरी, फोंडाघाट, कणकवली या वाटेने चार-पाच तासांत मालवण गाठता येते. मालवणच्या समोर, पाण्यात उभा आहे तो सिंधुदुर्ग.

कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला, आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. क्षेत्र सुमारे ४८ एकर. चहूकडे खारे पाणी असता आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत सिंधुदुर्गाचाही समावेश आहे. किल्ल्याचे खरे रक्षण मात्र तटाइतकेच भोवतालच्या बुडालेल्या खडकांनी केले. किनाऱ्यापासून दरवाजापर्यंतची वाट अरुंद आहे, आणि पाण्याखाली कोठे दगड आहे हे तेथील दर्यावर्दींनाच ठाऊक. किल्ल्यापर्यंत नेऊन आणणाऱ्या होड्या जेटीवरून सुटतात. बेटाला वळसा घालावयाचा तर सबंध होडी ठरवून तांडेलाशी आधी बोलावे लागते.

येथेच आपल्या तयारीची पहिली अडचण उभी राहते. शेतकऱ्याची सवड आणि समुद्राची सवड एका महिन्यात येत नाही. समुद्र निवांत असतो तो थंडीत. त्या वेळी आपल्याकडे उसाची तोड जोरात असते. आपण मोकळे होतो आणि मुलांना सुट्टी मिळते ती एप्रिल-मेमध्ये. पण मे सरू लागला की पावसाची चाहूल पाण्याला आपल्याआधी लागते. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचे प्राण गेले. मेच्या अखेरीस या होड्या बंद होतात आणि पावसाळा ओसरेपर्यंत बंदच राहतात. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय कोळी पाण्यात होडी लोटीत नाहीत, ती चाल याच अनुभवातून आली. म्हणून दसऱ्याची सुट्टी, नाताळानंतरचे दिवस, किंवा फार तर एप्रिलचा पूर्वार्ध निवडावा. दोन दिवस उसाकडे भावाने वा शेजाऱ्याने पाहिले तर पीक बुडणार नाही.

महिना ठरला की तिथी पाहावी. कोकणात भरतीचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास, अमावास्येस व पौर्णिमेस अकराच्या सुमारास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पुरी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी फार चढते आणि फार उतरते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा फरक कमी असतो, त्यास भांग म्हणतात. हा हिशेब अंदाजाचा आहे, नेमकी वेळ तांडेलाकडूनच घ्यावी; पण घरातील दिनदर्शिकेवरून एवढे तरी प्रत्येकास काढता येते. वाऱ्याचे गणित मुलांनी शाळेत शिकलेले असते. रात्री व पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात, दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि लाटा वाढतात. तेव्हा सकाळी लवकर निघावे आणि उन्हे तापण्यापूर्वी परत यावे.

आता जे लिहावयाचे ते जड मनाने लिहितो. १५ एप्रिल २०१७ रोजी बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची सहल मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर होती. त्या सहलीतील आठ जण समुद्रात बुडून मरण पावले. ते होडीत नव्हते. किनाऱ्यावरून पाण्यात उतरले होते. त्या दिवशी बेळगावात आणि भोवतालच्या गावांत जो आकांत झाला तो अनेकांस आठवत असेल. आपण घाटावरची माणसे. आपले पाणी म्हणजे मार्कंडेय, वेदगंगा, दूधगंगा आणि मळ्यातली विहीर. विहिरीत सूर मारणाऱ्या मुलास वाटते की आपणांस पोहता येते. विहिरीचे पाणी एका जागी असते. समुद्राचे पाणी पायाखालची वाळू ओढीत आत नेते, आणि तेथे विहिरीतले पोहणे उपयोगी पडत नाही. मुलांना हे घरीच, निघण्यापूर्वी सांगावे. किनाऱ्यावर पोहोचल्यावर कोणी ऐकत नाही.

माल्टाचे नाव आपल्या घरांत ठाऊक आहे ते संत पौलाच्या जहाजफुटीमुळे. माल्टाचे लोक तिचा सण १० फेब्रुवारीला पाळतात. पण ते जहाज फुटण्याचे कारण आधीच क्रेत बेटाच्या एका बंदरात घडले होते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात तो वृत्तान्त आहे. हंगाम उलटला होता, उपासाचा सण होऊन गेला होता. तीनदा जहाजफुटी सोसलेल्या पौलाने पुढे जाऊ नये असे बजाविले. शताधिपतीने त्याचे न ऐकता तांडेलाचे आणि जहाजाच्या मालकाचे ऐकले. मंद दक्षिण वारा सुटला, सर्वांस आपला बेत साधला असे वाटले, आणि थोड्याच वेळात तुफान आले. चौदा रात्री २७६ माणसे मृत्यूच्या दारात होती.

वाचक म्हणतील, तांडेलाचे ऐका असे आम्ही सांगतो, आणि येथे तर तांडेलाचेच ऐकून घात झाला! हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्या मसलतीत मालकही होता, जहाजात गहू भरलेला होता, आणि हिवाळ्याला ते बंदर सोयीचे नाही अशी बहुतेकांची कुरकुर चालली होती. जेथे ‘नाही’ म्हणण्यात तोटा आहे तेथे जाणत्याच्या तोंडूनही ‘नाही’ निघणे कठीण. मालवणच्या जेटीवर निराळे घडते असे नाही. आम्ही इतक्या लांबून आलो, पोरे रडताहेत, आणखी चार माणसे घ्या, दोन पैसे जास्त देतो, असे आपणच म्हणतो; आणि दिवसभराच्या कमाईची चिंता असलेल्या माणसास आपणच मोहात पाडतो.

यास्तव सफरीच्या खर्चाच्या यादीत पहिली रक्कम न जाण्याची धरावी. होडी ठरविताना तांडेलास स्पष्ट सांगावे: सकाळी तुम्हांस पाणी बरे वाटले नाही तर आम्ही रागावणार नाही, आणि तुमच्या खोळंब्याचे एवढे पैसे देऊ. परवानगीपेक्षा एकही माणूस जास्त चढवू नये. लाईफ जॅकेट आजीपासून तान्ह्यापर्यंत प्रत्येकाच्या अंगावर, बांधलेले असावे. होडीच्या तळाशी पडलेले जॅकेट कोणास तारीत नाही. आणि एक दिवस मोकळा ठेवावा. होडी सुटली नाही तर कुडाळच्या वाटेवर धामापूरचा तलाव आहे, मालवणचा बाजार आहे. किनाऱ्यावरून दिसणारा सिंधुदुर्गही काही कमी देखणा नाही.

तट तर साडेतीनशे वर्षे तेथे उभा आहे. पुढल्या वर्षीही असेल. घरातून जितकी माणसे निघाली तितकी रात्री पानावर बसली पाहिजेत. हा हिशेब जुळला की सफर साधली, मग बेटाला वळसा पडो वा न पडो.