गोल चकत्यांचा कंट्रोलर

डेकोरेटरच्या गोदामात जनरेटर आणि बेसच्या पेट्यांच्या गर्दीत हा डीजे कंट्रोलर अंगानं सगळ्यांत लहान. वजन दोन किलोंच्या आसपास. यूएसबीची वायर लॅपटॉपला लावली की जागा होतो, वेगळा अडॅप्टर मागत नाही. वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत सराव चालतो. हिंगोली-सेनगावकडच्या पोरांना हा गुण मोठा.

त्याच्या दोन गोल चकत्या ही घराण्याची खूण. १९७२ साली टेक्निक्सची एसएल-१२०० ही रेकॉर्डची डेक आली. तिची मोटर थेट तबकडीखाली, मध्ये पट्टा नाही. बोटानं अडवलेली तबकडी सोडताच पुन्हा मूळ वेग धरायची. कंट्रोलरनं तिची चकती घेतली, तिच्या पुढच्या आवृत्तीतली वेगाची सरकपट्टी घेतली, मोटर आणि सुई मागे सोडली. याची चकती आपण फिरवू तेवढीच फिरते.

सिंकचं बटण मात्र रेकॉर्डच्या डेकवर नव्हतं. ते दाबलं की दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळतात. मदतीला तत्पर, पण त्याला कान नाहीत. जुन्या लोकगीतात ढोलकी हातानं वाजलेली असते. कडव्यात जरा सैल, शेवटाकडे चढलेली. सॉफ्टवेअर सारख्या अंतरावर रेघा मारत जातं आणि ठोका रेघेबाहेर पडतो. सहा मात्रांच्या गाण्याचा वेग तर ते कधीकधी मुळातच चुकीचा मोजतं. पडद्यावर आकडे जुळलेले दिसतात आणि हेडफोनमध्ये दोन ढोलक्या भांडत असतात. अशा वेळी एक कान हेडफोनला, एक बाहेर ठेवून चकती बोटानं किंचित पुढं ढकलायची किंवा थोपवायची. तबकडीवर हेच करावं लागायचं, आणि हा ते करू देतो.

संत नामदेवांची नर्सी हिंगोली जिल्ह्यातलीच. तिथं सप्ताहात टाळ धरलेल्या पोराला कानानं ठोका जुळवणं वेगळं शिकवावं लागत नाही. पखवाज चढला की टाळ चढतो, आकडा कुणी बघत नाही.

रेकॉर्डवर शिकलं की कान पक्का होतो, हे खरंच. पण दोन डेक, मिक्सर, सुया यांचा खर्च कित्येक पट. शिवाय वरातीत आज ज्यांची फर्माईश होते ती नवी भीमगीतं, हळदीची आणि खानदेशी गाणी रेकॉर्डवर आणायची कुठून? आणि बेसच्या भिंतीशेजारी, हलत्या गाडीवर सुई टिकत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. शिकणाऱ्यानं कंट्रोलरच घ्यावा, साधा, दोन चॅनेलचा. आणि दोन गाणी निव्वळ कानानं जुळवता येईपर्यंत सिंकच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवावी.