वह्या, कव्हरं आणि ४३ फूट

मे महिन्यात तुमच्या फोनवर काय काय येतं? सेलच्या ऑफर्स, लग्नाच्या पत्रिका आणि, तुम्ही मावशी-मामा कॅटेगरीत असाल तर, वह्यांची यादी. आमच्या ताईची यादी दहा मेच्या आत येते. 'दोनशेपानी एकरेघी एक डझन, चौकटी चार, ब्राऊन पेपरचा रोल. तू काय, घरीच असतीस.' फ्रीलान्सर म्हणजे घरी बसलेली, हा आमच्याकडचा जुना फंडा आहे. वाद घालण्यात अर्थ नाही.

पण ताईचं टायमिंग सही असतं. चौदा जूनला संध्याकाळी महाद्वार रोडला जाऊन बघा. छत्री एका हातात, पोरगं दुसऱ्या हातात आणि दुकानदार म्हणतोय, 'चौकटी वही संपली, परवा या.' हीच खरेदी मेमध्ये दुपारी चारला केली तर दुकानदार चहा विचारतो. वर डझनाचा भाव लावतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबरांवरचा जीएसटी शून्य झालाय, म्हणून जुन्या छापील किमतीचा स्टॉक असेल तर तेवढं विचारून घ्या.

पुस्तकांचं गणित वेगळं. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत ती फुकट मिळतात. भाची विनाअनुदानित शाळेत आहे, त्यामुळे सगळं विकत. आमच्या वेळी आईची सिस्टीम होती : निकालाच्या दिवशीच वरच्या वर्गातल्या मुलीचा सेट निम्म्या किमतीत बुक करायचा. पेन्सिलच्या खुणा खोडून, नवं कव्हर घालून तो आणखी दोन वर्षं पुढं जायचा. ही साखळी मधेच तुटली. २०२३ मध्ये बालभारतीनं आठवीपर्यंतच्या बहुतेक वर्गांची पुस्तकं चार भागांत काढली आणि आत नोंदींसाठी कोरी पानं घातली. दप्तर हलकं व्हावं हा हेतू चांगला होता. पण पुस्तकातच लिहिलं की ते पुढच्या पोराला देणार कसं? जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं कोरी पानं बंद केली. मला तरी बरं वाटलं. आता सेकंड हँड घेताना एकच काळजी : अभ्यासक्रम बदललाय का, ते शाळेत विचारून मगच पैसे द्यायचे. २०१८ मध्ये दहावीची पुस्तकं बदलली, तेव्हा आदल्या वर्षीचे सेट रद्दीच्या भावानं गेले.

इथवरचं प्लॅनिंग पुणे-मुंबईकरही करतात. कोल्हापूरकराच्या प्लॅनिंगमध्ये मात्र ऑगस्टसुद्धा असतो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. ताईचं घर नदीच्या बाजूला. २०१९ ला त्यांच्या शेजारच्या काकूंची मुलगी दहावीत होती. रात्री घर सोडताना काकूंनी कागदपत्रं घेतली, सिलिंडर बांधला, दप्तर कॉटवर ठेवलं. कॉटवर म्हणजे सेफ, असंच सगळ्यांना वाटलं होतं. आठवड्यानं परत आल्या तेव्हा कॉट आणि दप्तर दोन्ही चिखलात.

पुस्तकांचं काय, ती परत मिळतात, बालभारतीच्या साईटवर पीडीएफही फुकट आहे. पण जूनपासून लिहिलेल्या वह्या? प्रयोगाच्या आकृत्या, सरांनी फळ्यावर सोडवून दिलेली गणितं? ती मुलगी भिजलेली वही पान पान सुटं करून गॅलरीत दोरीवर वाळत घालत होती. शाई उतरलेली. रडत नव्हती, नुसती चिमटे लावत होती. मी तेव्हा तिथं मदतीला गेले होते, काय बोलावं सुचेना. म्हणून मीही चिमटे लावले.

त्यानंतर ताईनं दोन गोष्टी सुरू केल्या. दर रविवारी भाचीच्या वह्यांचे फोटो काढून माझ्या मेलवर पाठवते (माझं स्टोरेज जाम भरलंय, ते वेगळं). आणि यादीत एक डझन वह्या जास्तीच्या असतात. त्या पॉलिथिनमध्ये गुंडाळून माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या माळ्यावर.

२०२१ ला त्या खाली काढाव्या लागल्या. भाचीला चार पुरल्या, बाकीच्या गल्लीत गेल्या. यंदाच्या यादीत ताईनं लिहिलंय, 'डझन नको, दोन डझन आण.'