समुद्रासमोरचे आमचे फोटो : सहल नव्हे, हक्क

६ डिसेंबर जवळ आला की दोन प्रकारची कुजबुज दरवर्षी ऐकू येते. एक बाहेरची : "हे लोक फुकटात मुंबई बघायला येतात." दुसरी आपल्यातलीच : "अभिवादनाला जाता, की गेटवेवर फोटो काढायला?" पहिलीला आपण वर्षानुवर्षं उत्तर देत आलो आहोत. दुसरीला मात्र कोणी उत्तर देत नाही. म्हणून हा लेख. आमचा पुरावा एवढाच : आमच्या घरच्या पेटीतले दोन फोटो आणि एक पावती.

आमचं गाव वैनगंगेच्या पट्ट्यातलं, धानाचं. पहिला फोटो १९७८ चा, काळा-पांढरा. तेव्हा गडचिरोली जिल्हा झालेलाही नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झाला. वडसा स्टेशनवरून गोंदिया आणि तिथून मुंबईची गाडी, असा प्रवास. चैत्यभूमीची रांग झाली, शिवाजी पार्कवर पुस्तकं घेतली, मग घरचे गेटवे ऑफ इंडिया बघायला गेले. गळ्यात कॅमेरा आणि हातात नमुन्याच्या फोटोंचा अल्बम घेतलेला फोटोवाला मागे लागला. त्याने पैसे घेतले, पावतीवर पत्ता लिहून घेतला आणि दीड महिन्याने फोटो पोस्टाने गावात आला. तो बघायला अख्खा मोहल्ला जमला होता, असं माय सांगते. फोटोत बाबा छाती काढून उभे आहेत. मायच्या अंगावर पांढरं लुगडं, हातात चपला. आजीने मात्र कॅमेऱ्याकडे पाहिलेलंच नाही. ती समुद्राकडे बघते आहे.

दुसरा फोटो १९८६ चा, रंगीत, दादर चौपाटीवरचा. रंग उडून तो आता लालसर झाला आहे. आजी त्या वर्षी आली नव्हती. मागे चैत्यभूमीचा घुमट. ५ डिसेंबर १९७१ ला मीराताई आंबेडकरांच्या हस्ते ज्या स्तूपाचं उद्घाटन झालं, तोच.

आणि पावती १९९१ ची. त्या वर्षी आजी फोटोवाल्यासमोर नीट, सरळ तोंड करून उभी राहिली. पैसे दिले, पत्ता दिला. फोटो आलाच नाही. आजी गेली. आज आमच्याकडे तिचा समोरून काढलेला एकही फोटो नाही. तिच्या पणतीला तिचा चेहरा दाखवायचा तर आम्ही कानाची कडा आणि अर्धा गाल दाखवतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे धान कापायचे, बांधायचे, चुरायचे दिवस. शेतमजुराने चार-पाच दिवस गाव सोडलं की तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली. त्याला कोण पगारी सुट्टी देतो? कारखान्यातल्या कामगाराला वर्षातून काही दिवस पगारी सुट्टी मिळावी, यासाठी १९४५ ची कायदादुरुस्ती झाली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री कोण होते? बाबासाहेब. विश्रांती हा श्रीमंताचा शौक नसून कामगाराचा हक्क आहे, हे त्यांनी कायद्यात आणलं. शेतावरच्या आमच्या आजीपर्यंत तो कायदा पोहोचला नाही. तिने आयुष्यात घेतलेली सुट्टी म्हणजे मजुरी बुडवून केलेली ही वारी. आधी अभिवादन, मग तासभर समुद्र. त्या एका तासाचा हिशोब तिच्याकडे मागणारे आपण कोण? आणि मजुरी बुडवून येणाऱ्याला "फुकट" म्हणायची हिंमत कोणाची?

आणखी एक गोष्ट. आपल्या माणसांचे फोटो इंग्रजांनीही काढले. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडी ग्रंथ निघाला. तेव्हाचा चांदा जिल्हा याच प्रांतात होता. त्यातल्या फोटोंखाली माणसाचं नाव शोधू गेलात तर सहसा जात सापडेल, जमात सापडेल, धंदा सापडेल. माणूस तिथे नमुना म्हणून उभा आहे. काय घालायचं, कुठे उभं राहायचं, हे त्याने ठरवलेलं नाही.

गेटवेवरच्या फोटोत हे सगळं उलटं आहे. पैसे आमचे, कपडे आमचे, उभं राहण्याची जागा आमची. आजीने कॅमेऱ्याकडे बघायचं नाकारलं, तेही तिच्या मर्जीने. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जाऊ दिलं जात नव्हतं, त्यांची सून-लेकरं अथांग पाण्यासमोर कोणाला न विचारता उभी आहेत. याला कोणी सहल म्हणो. आम्ही याला इतिहास म्हणतो.

पण हा इतिहास पत्र्याच्या पेटीत कुजतो आहे. आमच्या भागातला पावसाळा, ओल आणि वाळवी कोणाला सोडत नाही. तेव्हा तरुण मित्रांनो, भाषणं पुष्कळ झाली, आता हे काम करा. घरातले फोटो बाहेर काढा. म्हाताऱ्या माणसाजवळ बसून नावं, साल, गाव विचारा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. दिवसाच्या उजेडात, चमक न येऊ देता मोबाईलने प्रत काढा आणि ती दोन-तीन ठिकाणी ठेवा. कोणाचा फोटो चारचौघांत लावायचा असेल तर आधी त्या घराला विचारा.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेला तो सोहळा ज्यांनी जाणत्या वयात पाहिला, ते आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आपण जमतोच. तिथे एक दोरी बांधा, शंभर घरांचे शंभर फोटो लावा, प्रत्येकाखाली नाव लिहा. जात नाही, नाव. खर्च दोरीचा आणि चिमट्यांचा.

आमच्या आजीचा फोटो आम्हीही तिथे लावू, अर्ध्या गालाचा. शेजारी ती १९९१ ची पावती लावू. फोटो नसलेल्या माणसांचीही नोंद असली पाहिजे.

जय भीम!