लिंबावरची अळी

फुलपाखरू सर्वांनाच आवडते, पण त्याची अळी कुणालाच नको असते. आम्हा शेतकऱ्यांच्या घरी तर अळी दिसली की हात फवारणीच्या पंपाकडेच जातो. सुलतानपूरला विहिरीजवळ लिंबाची वीस रोपे लावली, तेव्हापासून माझी दोघांशीही ओळख झाली.

नवती फुटली की काळे-पिवळे फुलपाखरू येते आणि कोवळ्या पानावर मोहरीएवढे पिवळसर अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते. लहान असताना ती हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पाखरे तिला खायला धजत नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. बोट लावले तर डोक्यामागून दोन मऊ शिंगे काढून उग्र वास सोडते. अशा दोन-चार अळ्या रोपाचा शेंडा फस्त करतात. म्हणून रोज सकाळी मी त्या हाताने वेचते. औषधाचा खर्च वाचतो.

याच कुळातले एक थोरले फुलपाखरू सह्याद्रीच्या जंगलात राहते. नाव नीलवंत. काळ्या मखमली पंखांवर निळा रंग, आणि पंख पसरले की पाच-सहा इंच भरतात. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातले पहिलेच राज्य. त्याचीही अळी जंगलात माकडलिंबावर आणि बागेत लिंबू-संत्र्यावर वाढते.

हे वाचून नातू म्हणाला, "आजी, फुलपाखराला मान आणि अळीला मार, असं का?"

मला उत्तर सुचेना. मग वेचलेल्या अळ्या मी बांधावरच्या जुन्या लिंबावर सोडू लागले. मोठ्या झाडाला चार पाने गेल्याचे काही वाटत नाही. यजमान म्हणाले, "शत्रू पोसतेस. उद्या तीच फुलपाखरं रोपांवर येतील."

खरे आहे, येतील. पण रोपे मी रोज पाहतेच. शिवाय त्या झाडावर फवारा नसल्याने अळ्या-कोषांत अंडी घालणाऱ्या बारीक माश्याही तिथे जगतात, आणि त्या आमचेच काम करतात.

सध्या तिथल्या एका फांदीला कंबरेभोवती धागा बांधून बसलेला कोष आहे. त्यातून फुलपाखरू निघते की माश्या, यावर घरात पैज लागली आहे.