म्हस काय खाऊन आली

दुधाची चव दुकानागणिक बदलते का, असं कोल्हापुरात कुणाला विचारलं तर तो आधी उलट विचारील : म्हशीचं की गाईचं? आणि मग : कट्ट्यावरचं, रतिबाचं की पिशवीतलं? दुकान त्याला सगळ्यात शेवटी आठवतं आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. दुधाची चव गोठ्यात ठरते. दुकानदाराला ती वाढवता येत नाही, बिघडवता मात्र येते.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर हे जिभेला कळतं. गवळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि धार त्याच्या डोळ्यांदेखत निघते. म्हशी बहुतेक पंढरपुरी. अंगानं मध्यम, शिंगं तलवारीसारखी मागं वळून खांद्यापलीकडं गेलेली. म्हस जात्याच बुजरी. बिचकली की पान्हा चोरते, मग कितीही चुचकारा. पंढरपुरी म्हस मात्र भर रस्त्यात, गाड्यांच्या आवाजात, अनोळखी माणसांच्या गराड्यात शांतपणे पान्हा सोडते. कोल्हापूर संस्थानानं पैलवानांच्या खुराकासाठी या जातीला आश्रय दिला. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, खासबागेचं मैदान उभं राहिलं. त्या लाल मातीत घुमलेल्या अंगांमध्ये या म्हशींचाही वाटा आहे, असं मी मनापासून मानतो.

गवळी कासेवर पाणी मारतो, पहिल्या दोन-चार धारा जमिनीवर सोडून देतो आणि चरवी गुडघ्यांत धरतो. धारेचा आवाज आधी भांड्याचा येतो, मग दुधाचा. फेस काठावर चढतो. पेला हातात घेतला की कोमट लागतो, कारण दूध म्हशीच्या अंगाच्या उबेनंच, साधारण ३८ अंशांवर, बाहेर आलेलं असतं. गार पदार्थापेक्षा कोमट पदार्थाचा गोडवा जिभेला जास्त जाणवतो, म्हणून साखरेचा कण न घालता हे दूध गोड लागतं. आणि त्याला आपल्या ओळखीचा ‘दुधाचा वास’ येत नाही. तो वास खरं तर उकळीचा. दूध तापलं की त्यातल्या प्रथिनांमधून गंधकाची संयुगं सुटतात आणि लहानपणापासून आपण त्यालाच दूध म्हणत आलेलो असतो.

कट्ट्यावर कानावर पडणारं बोलणंही याच जातीचं असतं. “भावा, आज म्हस बदललीस काय?” “न्हाई वो काका, वाडं संपलंय. कडबा आन् सरकीच चाललीय.” काकांना दुधातला फरक नेमका सांगता येत नाही, पण कळलेला असतो. आमच्याकडं गळीत हंगामात उसाच्या वाड्यावर म्हशी पोसल्या जातात. हंगाम सरला की वैरण बदलते आणि वैरणीबरोबर दूधही बदलतं. कांद्याची पात किंवा आंबूस मुरघास धारेच्या आधी पुढ्यात टाकला तर त्याचा वास पोटातून, इतकंच काय श्वासातूनही रक्तात जातो आणि काही वेळात दुधात उतरतो. म्हणून जाणता माणूस असली वैरण धार काढून झाल्यावरच टाकतो. म्हस आटायला आली की दुधातली साखर कमी होते, क्षार वाढतात आणि दूध खारवट लागतं. कास सुजली तरी तेच. एकाच दावणीला बांधलेल्या दोन म्हशींचं दूध वेगळं लागतं, मग दुकानांचं काय घेऊन बसलात?

पिशवीतल्या दुधाची गोष्ट निराळी. १६ मार्च १९६३ रोजी जिल्हा दूध संघ स्थापन झाला. तोच आपला ‘गोकुळ’. सकाळ-संध्याकाळ गावोगावचे बाया-बापडे किटली घेऊन डेअरीला दूध घालतात आणि रांगेतला पहिला प्रश्न असतो, “फॅट किती लागली?” म्हशीच्या दुधाला साडेसहा-सात लागते, गाईच्या दुधाला साडेतीन-चार. दर त्यावर आणि बाकीच्या घन अंशावर ठरतो, दहा दिवसांनी बिल निघतं, त्यात घरचा बाजार होतो, पोराची फी भरली जाते. या व्यवस्थेबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. पण हजारो म्हशींचं दूध एका टाकीत आलं की कुणाची सरकी आणि कुणाचं वाडं, सगळं एकमेकांत मुरून जातं. त्यावर ७२ अंशांना १५ सेकंद तापवणं होतं आणि फॅट नेमकी बसवली जाते : फुल क्रीमला किमान ६ टक्के, टोन्डला ३. अशी पिशवी महाद्वार रोडला घ्या नाहीतर राजारामपुरीत घ्या, चव एकच यायला हवी.

तरी कधी कधी येत नाही, आणि इथं दुकानाचा हात लागतो. पहाटे उतरवलेले क्रेट फुटपाथवर उन्हात राहिले की दुधातल्या रिबोफ्लेविनवर उजेड पडतो आणि दुधाला भिजल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. रात्री वीज वाचवायला फ्रीज बंद ठेवला तर दूध नासत नसेल, पण आंबटपणाकडं झुकतं. ज्याला शंका असेल त्यानं तीन पेले भरावेत, दोन एका दुकानच्या दुधाचे, एक दुसऱ्या दुकानच्या, आणि वेगळा पेला कुणाला तरी डोळे मिटून ओळखायला सांगावा. त्याच छापाचं, नीट गार ठेवलेलं दूध असेल तर भले भले चुकतात. म्हशीच्या जागी गाईचं ठेवा, शाळकरी पोरगंसुद्धा सांगेल.

कच्च्या धारेचं कौतुक करताना एक सांगायलाच हवं. ब्रुसेलोसिस, क्षय यांसारखे रोग कच्च्या दुधातून माणसाला होतात. घरात लहान मूल असेल, गरोदर बाई असेल, तर कट्ट्यावरचं दूधही उकळूनच द्यावं. उकळीनं कोवळा वास जातो, हे खरं. पण साय बोटभर येते, आणि त्याच दुधाला रात्री विरजण लावलं तर सकाळी भांडं कलतं केलं तरी दही जागचं हलत नाही.