आमचा कॅमेरा

शाळेच्या सूचनाफलकावर आजवर आम्ही पुष्कळ सूचना लावल्या. त्यांपैकी बहुतेक आम्ही स्वतःच विसरलो; विद्यार्थी तर त्या लावल्या दिवशीच विसरले. परंतु जून २०२४ मध्ये लावलेली एक सूचना मात्र आमच्या मनातून अद्याप उतरत नाही. ती अशी होती : "वार्षिकांकासाठी द्यावयाची छायाचित्रे कॅमेऱ्यानेच काढलेली असावीत. मोबाइलवर काढलेली छायाचित्रे स्वीकारली जाणार नाहीत." खाली आमची सही होती, आणि सहीखाली 'छायाचित्र विभागप्रमुख' अशी पदवी. ही पदवी आम्हांस कोणी दिली नव्हती. कॅमेरा विकत घेतल्यापासून ती आपोआप आमच्याकडे चालून आली होती.

त्या कॅमेऱ्याविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. मे महिन्याच्या सुटीत आम्ही तो अठरा हप्त्यांच्या बोलीवर घेतला. त्याबरोबर दोन भिंगे आली, एक तिपाई आली, आणि हे सर्व सामान मावेल अशी एक काळी पिशवी आली. पिशवी खांद्याला लावून आम्ही प्रथम घरात शिरलो तेव्हा मातुःश्रींनी विचारले, "हातूंत कितें, जेवण व्हरता?" आमच्या घरची भाषा कोंकणी आणि शाळेतली मराठी, परंतु कॅमेऱ्याची थोरवी मातुःश्रींना या दोन्ही भाषांत समजावून देण्यात आम्हांस यश आले नाही. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्याचे योग्य स्वागत झाले. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "आता अंक पाहण्यासारखा होईल." चित्रकलेचे शिक्षक वहीतून मान वर न करता म्हणाले, "घुमट नवे घेतले म्हणून हात बसत नाही." त्यावर विज्ञानाच्या शिक्षकांनी तात्काळ उत्तर दिले, की चवथीच्या पावसात घुमट सादळले तर कितीही बसलेला हात असला तरी ते बोलत नाही, आधी ते विस्तवावर धरावे लागते. हा वाद पुढे कित्येक मधल्या सुट्या पुरला. आम्ही अर्थातच विज्ञानाच्या पक्षात होतो. हप्ते भरणाऱ्याला दुसरा पक्ष परवडत नाही.

त्या दिवसांत आम्ही वाचनही बरेच केले, आणि आपलेच म्हणणे खरे ठरेल अशा बेताने केले. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराची हकिगत आम्हांस फारच मानवली. भरधाव घोडा धावताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात की नाही, याचा निर्णय शतकानुशतके कोणाच्याही डोळ्यांना करता आला नव्हता. मोठमोठे चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला उडता घोडा रंगवीत आले होते. १८७८ साली अमेरिकेत पालो आल्टो येथे मायब्रिजने शर्यतीच्या वाटेवर १२ कॅमेरे ओळीने मांडले, वाटेवर दोरे ताणले, आणि घोड्यानेच ते दोरे तोडीत आपली चित्रे घेतली. चारही पाय जमिनीपासून सुटतात हे ठरले; परंतु ते पाय ताणलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकारांचे सारे कौशल्य एका बाजूला आणि क्षणाचा बारीकसा तुकडा पकडणारे यंत्र एका बाजूला! चित्रकलेच्या शिक्षकांना आम्ही ही गोष्ट दोनदा सांगितली.

राजा दीनदयाळ यांचे चरित्र आम्ही याच हेतूने वाचावयास घेतले होते. परंतु हा गृहस्थ आमच्या बाजूने साक्ष देईना. १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या अभियांत्रिकी विद्यालयात शिकून ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके तयार करण्याच्या कामावर लागले. म्हणजे कॅमेरा हाती येण्यापूर्वी कित्येक वर्षे हा मनुष्य इमारतींच्या रेषाच पाहत होता. १८७४ च्या सुमारास ते छायाचित्रणाकडे वळले तेव्हा ओल्या काचेची रीत होती. काचेवर रसायन ओतावयाचे, ते ओले आहे तोवर चित्र घ्यावयाचे, आणि ते वाळण्यापूर्वी, म्हणजे फार तर दहा-पंधरा मिनिटांत, अंधाऱ्या तंबूत नेऊन ते धुवावयाचे. मध्य भारतातील किल्ले, घाट आणि देवळे यांच्यासमोर उन्हातान्हात हा सारा संसार उभारावा लागे. अशा माणसाला एका दिवसात चारशे चित्रे घेणे शक्यच नव्हते. भिंगावरचे टोपण काढण्यापूर्वीच त्याला उभे कोठे राहावे, ऊन कोणत्या घटकेला भिंतीवर कसे पडेल, हे ठरवून टाकावे लागे. पुढे ते हैदराबादला सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले, निजामांनी त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला, आणि १९०५ साली ते वारले. त्यांच्या सुमारे २,८०० काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत.

तथापि एवढ्यावरून यंत्राला तुच्छ लेखावे असेही दीनदयाळ आम्हांस सांगेनात. कोरड्या काचा मिळू लागल्या तेव्हा त्यांनी त्या घेतल्या. अंधाऱ्या तंबूच्या ओझ्यातच कला आहे असे म्हणत ते बसले नाहीत. म्हणून आम्ही त्यांचे चरित्र मिटून ठेवले आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांचे नाव काढले नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस आमच्या शाळेचे शिपाई ३१ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाले. विद्यार्थी आणि शिक्षक, सारेच त्यांना 'मामा' म्हणत. शाळेच्या ओसरीत टांगलेला पितळी तास इतकी वर्षे त्यांनीच वाजविला. विजेची घंटा आमच्याकडे दोनदा बसविण्यात आली आणि दोन्ही वेळा पावसाळ्याने ती निकामी केली. तास राहिला आणि मामा राहिले. टोल पडल्यानंतर तास बराच वेळ गुणगुणत असतो. ते गुणगुणणे थांबविण्यासाठी मामा त्यावर तळहात ठेवीत. लहान मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. आमच्या वाट्याला आलेली नऊ वर्षे आम्ही हे रोज पाहत होतो, म्हणजे पाहत नव्हतोच.

निरोपसमारंभ सकाळी सभागृहात झाला. शाल, श्रीफळ, भाषणे, पुन्हा शाल. आम्ही तिपाई लावली, तिपाई काढली, बाकावर चढलो, बाकावरून उतरलो, आणि ४१२ चित्रे घेतली. शेवटचा तास मामांनीच वाजवावा असे मुख्याध्यापकांनी ठरविले होते. सर्व शाळा अंगणात जमली. इतक्या दूरवरून घेण्यास लांब पल्ल्याचे भिंग हवे, असे आम्हांस ऐनवेळी सुचले. टोल ऐकू आले तेव्हा आमच्या एका हातात लहान भिंग, दुसऱ्या हातात मोठे भिंग आणि दातांत टोपण होते.

त्याच दिवशी सायंकाळी नववीतील एका विद्यार्थिनीने वॉट्सॅपवर आम्हांस एक छायाचित्र पाठविले. ते तिने वडिलांच्या जुन्या फोनवर काढले होते. ते लहानसे आणि काळपट दिसले. ते मोठे करून पाहण्याची तसदी आम्ही घेतली नाही. "सूचनाफलक वाचावा," एवढेच उत्तर पाठविले. तिचे उलट उत्तर आले, "ओके सर, सॉरी." ज्या मुलीने काही चूक केली नव्हती तिने क्षमा मागितली, आणि ज्याने ती मागावयास हवी होती तो इसम समाधानाने जेवावयास बसला.

जानेवारीत मामा शाळेत आले. घरात लावायला त्यांना स्वतःचा एक बरासा फोटो हवा होता. आम्ही त्यांना मोठ्या उत्साहाने संगणकासमोर बसविले आणि आमची चित्रे एकामागून एक दाखविली. चाळीस-पन्नास चित्रे त्यांनी सभ्यपणे पाहिली. चित्रे स्वच्छ होती. शालीचा धागान् धागा मोजता येत होता. मग मामा हळूच म्हणाले, "हो हांव न्हय, सर. हो सत्कार."

आम्ही निरुत्तर झालो. उरलेली साडेतीनशे चित्रे दाखविण्यात अर्थ नव्हता. त्या सर्वांत सत्कारच होता. तेव्हा कोठे आम्हांस ते नाकारलेले चित्र आठवले, आणि फोनमध्ये शोधता ते सापडले. ओसरीचा एक खांब, त्याच्या आड अंगणातले सारे ऊन. सावलीत मामा उभे; हातोडी खाली आलेली, तळहात तासावर ठेवलेला, मान किंचित झुकलेली. चेहरा अर्धाच दिसतो. जमलेली शाळा मुळीच दिसत नाही. मामांनी ते बराच वेळ पाहिले. आमची अपेक्षा होती की त्यांचे डोळे भरून येतील, परंतु ते म्हणाले, "तास पुसपाक जाय आशिल्लो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "हो दियात, सर."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीला बोलावून विचारले, की तू खांबामागे का उभी राहिलीस? चित्राची मांडणी, छायाप्रकाशाचा समतोल असे काही उत्तर येईल अशी आमची कल्पना होती. ती म्हणाली, "सर, हो फोन उजवाडाक भियेता. देखून हांव खांब्या फाटल्यान उबें रावलें." फोनच्या भिंगावर ओरखडे होते. समोरून ऊन आले की सगळे चित्र पेजेसारखे पांढरे होई, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. म्हणून टोलापूर्वी पाच मिनिटे जाऊन, खांबाने ऊन अडेल अशी जागा तिने धरून ठेवली होती. मामा तासावर हात ठेवणार हेही तिला ठाऊक होते. ती पाचवीपासून तो हात पाहत आली होती. आमचा कॅमेरा कशाला भितो असे आम्हांस कुणी विचारले असते तर सांगता आले नसते. विक्रेत्याने तो कशालाच भीत नाही असे सांगितले होते.

होमाई व्यारावाला यांची येथे आठवण होते. स्वातंत्र्याच्या काळातील दिल्लीची चित्रे घेणाऱ्या या पहिल्या भारतीय महिला वृत्तछायाचित्रकार १९७० मध्ये काम थांबवून पुढे वडोदऱ्यास राहिल्या, आणि २०१२ साली तेथेच वारल्या. त्या काळी प्रकाशाचा एक बल्ब एकदाच पेटे आणि जळून जाई. त्यांच्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यात एका फिल्मवर बाराच चित्रे बसत. बारा! आम्ही तेवढी मुख्याध्यापकांच्या प्रास्ताविकातच खर्च केली होती.

आता पुढचा भाग सांगावयाचा, तो आम्हांस अधिक बोचतो. मामांना चित्र मोठे करून हवे होते. मूळ चित्र मागितले तेव्हा ती मुलगी म्हणाली, की फोन भरला म्हणून वडिलांनी डिसेंबरात सगळे पुसून टाकले. उरली ती आमच्याकडे वॉट्सॅपवरून आलेली प्रत. आणि वॉट्सॅप चित्र पाठविताना ते आकसून टाकते. त्या प्रतीत आडवे १,६०० आणि उभे १,२०० बिंदू होते. छापखान्याचे गृहस्थ म्हणाले, की चांगल्या छपाईस इंचाला ३०० बिंदू लागतात. म्हणजे हे चित्र सव्वापाच इंचांपलीकडे ताणले की फाटणार. त्या सायंकाळी आम्ही सूचनाफलकाचा हवाला न देता मूळ चित्र मागून घेतले असते, तर आज ते मामांच्या भिंतीवर हातभर रुंदीचे लागले असते. ते आता पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत आहे. याच अंकात ते आतील पानावर, तेवढ्याच आकारात छापले आहे. मुखपृष्ठावर जावयास हवे होते. परंतु मुखपृष्ठावर सत्काराचे आहे, कारण ते ताणता येते. मुलीचे नाव चित्राखाली आहेच.

फेब्रुवारीत शाळेचे क्रीडासामने झाले. कबड्डीचा अंतिम सामना लांबला आणि दिवेलागणीला संपला. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी हिरमुसली होऊन आली. तिच्या फोनमध्ये खेळाडूंच्या जागी धुराचे लोट होते. तिने जागा बरोबर धरली होती, क्षणही बरोबर धरला होता. परंतु अंधुक उजेडात फोनचे दार फार वेळ उघडे राहते आणि तेवढ्यात हात-पाय कोठल्या कोठे जातात. आम्ही तिला समजावून दिले, की तिच्या फोनमध्ये प्रकाश झेलणारी पट्टी साधारण ५ बाय ४ मिलिमीटरची आहे आणि आमच्या कॅमेऱ्यात ती २४ बाय १६ मिलिमीटरची; म्हणजे क्षेत्रफळात सुमारे वीसपट फरक. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी सारखे साठत नाही. विज्ञानाचे शिक्षक जवळच उभे होते. त्यांनी चित्रकलेच्या शिक्षकांकडे पाहिले. चित्रकलेचे शिक्षक खिडकीबाहेर पाहू लागले.

"सर, तुमचो कॅमेरो कशाक भियेता?" मुलीने विचारले.

आम्ही खरे ते सांगितले, की आम्ही अजून शोधले नाही. मग तिने तो हातात घेतला. प्रथम त्याला उन्हाकडे धरला, मग ओसरीच्या कोपऱ्यात नेला, मग जमिनीवर ठेवून पाहिला. भिंग बदलावे का असे तिला आम्ही विचारले, तर आहे तेच काय करते ते आधी पाहू, असे ती म्हणाली. त्या गोष्टीस आता तीन आठवडे झाले. सूचनाफलकावरील सूचना आम्ही काढून टाकली आहे. 'विभागप्रमुख' ही पदवीही तिच्याबरोबर गेली. कॅमेरा सध्या त्या मुलीकडे असतो. हप्ते अद्याप सात राहिले आहेत. ते आमच्याकडे आहेत.